उतारावरचे पिवळे दिवे

धुकं त्या वर्षी लवकर उतरलं, आणि उतरलं ते हलायचं नाव घेईना. पहाटे गोठ्याचं दार उघडलं की आतून गाईंची ऊब आणि बाहेरून पांढरा गारठा, दोन्ही एकदमच अंगावर यायचे. हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसतात, पण बोटांतली बादली दिसत नाही, असं सासूबाई सांगायच्या. त्यांना वाढवून बोलायची सवय होती. पण त्या हिवाळ्यात त्यांना कुणी खोटं पाडलं नाही.

घरात माणसं तीनच. सासूबाई, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा दुधाची फेरी करायचा. घरच्या गाईंची धार काढून झाली की वरच्या वस्तीतून आणि वाटेतल्या गोठ्यांतून दूध गोळा करायचं, मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे आणि घाटाच्या उताराने खाली मोठ्या रस्त्यावर उभ्या असलेल्या डेअरीच्या टँकरपर्यंत पोचवायचे. पूर्वी टँकर उजाडल्यावर निघायचा. या हिवाळ्यात डेअरीने वेळ अलीकडे ओढली. म्हणजे सगळा उतार अंधारात, आणि वरून हे धुकं.

मोटारसायकलचा दिवा जुना आणि मिणमिणता. धुक्यावर पडला की समोर कुणी चादर वाळत घातल्यासारखं पांढरंच पांढरं दिसायचं, रस्ता दिसायचाच नाही. एका पहाटे रस्ता वळला आणि तो सरळ गेला. गाडी कडेच्या चारीत, कॅन गाडीवर आणि तो कॅनच्या खाली. उजव्या हाताचं मनगट मोडलं. प्लास्टर थेट कोपरापर्यंत. चारीतून वर काढल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो, "गाडीला काही झालं नाही ना?" यावरून बायको त्याला पुढे कितीतरी दिवस बोलत राहिली.

गाडीला खरंच फारसं झालं नव्हतं. पायाचं पॅडल वाकलं होतं, ते दगडाने ठोकून सरळ झालं.

"महिनाभर फेरी बंद ठेवा," सासूबाई म्हणाल्या.

"महिनाभर गाई बंद राहतील का, आई?" तो म्हणाला. प्लास्टरमध्ये खाज सुटली होती आणि काडी आत जात नव्हती, त्यामुळे तो आधीच वैतागलेला. "वस्तीतली माणसं दूध डोक्यावर घेऊन बसतील का? दुसरा कुणीतरी उभा राहील, आणि एकदा उभा राहिला की हलणार नाही."

"मी नेते," बायको म्हणाली.

ती भांडी घासत होती. मान वर न करता बोलली, त्यामुळे दोघांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"काय नेतेस?"

"दूध. गाडीवर."

तिला गाडी येत होती. माहेरी बापाच्या गाडीवर ती चाऱ्याचे भारे आणायची. पण लग्नानंतर तिची धाव शेताच्या बांधापर्यंतच राहिली होती.

"अगं, कॅन भरल्यावर गाडीचं वजन किती होतं, माहीत आहे का तुला?"

"परवा तुम्हांला मागे बसवून दवाखान्यात नेलं ना? कॅन तुमच्यापेक्षा हलके. शिवाय वाटभर कण्हत नाहीत."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू लपवायचं होतं, पण खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवसापासून ती जाऊ लागली. पहिल्या पहाटे तिने उतार जवळजवळ पायांनीच उतरला. दोन्ही पाय जमिनीला घासत, ब्रेक धरून, रस्त्याकडेचे दगड एकेक ओळखत. खाली पोचली तेव्हा बोटं ब्रेकवर आवळून वाकडी झाली होती, सरळ करायला दुसरा हात लावावा लागला. दूध घालायला आलेली माणसं रांगेतून बघत होती. एक जण म्हणाला, "दादा कुठंयत? चुलीपाशी का?" आणि बाकीचे हसले. तिने कॅनचं झाकण उघडलं. कॅन उचलायला मात्र कुणी पुढे आलं नाही. तिने गुडघ्याने रेटा देऊन एकेक वर चढवला, तेव्हा अर्धा पेला दूध तिच्या बुटात गेलं.

घरी येऊन तिने बूट ओतून दाखवला. "हे बघा, टँकरवाल्याने कमी भरलं नाही, मीच थोडं परत आणलं."

तो हसला, पण अर्धवटच. शर्टाची बटणंसुद्धा त्याला आता तिच्याकडून लावून घ्यावी लागत होती. ती बटणं लावायची तेव्हा तो छताकडे बघायचा, जणू छताला भोक पडलंय का तेच शोधतोय. दिवसभर त्याला काय करावं समजेना. एकदा डाव्या हाताने चहा केला. सासूबाईंनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"काय झालं, आई?"

"काही नाही. एवढी साखर बघून मुंग्यांना हाक मारत होते."

दिव्यांची कल्पना त्यानेच काढली. धुक्यातून जाणाऱ्या मोठ्या गाड्यांना खालच्या अंगाला पिवळे दिवे असतात, ते त्याने पाहिले होते. तसा जोड शेजारच्या वेल्डरने कुठल्याशा मोडीतल्या गाडीचा काढून ठेवला होता. वेल्डर त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याने पुढच्या बाजूला लोखंडी पट्टी जोडली, तिला दोन्ही दिवे बसवले आणि वायर ओढून थेट हेडलाइटच्या वायरीला पिळून दिली. वर चिकटपट्टी.

"पाच मिनिटांचं काम," वेल्डर म्हणाला. "आता बटण एकच. हेडलाइट लावला की तिन्ही पेटतात."

पेटले. अंगण पिवळं झालं. कोंबड्यांना वाटलं उजाडलं, त्या खुराड्यात बोलायला लागल्या. पुढचे दोन-तीन दिवस ती खूश होती. पिवळा उजेड धुक्याच्या खालून सरपटत जायचा आणि रस्त्याची कड दिसायची. पाय आता जमिनीला घासावे लागत नव्हते.

मग एका पहाटे, अर्धा उतार उतरून झाल्यावर, तिला वास आला. जळक्या रबराचा. तिला वाटलं कुणीतरी टायर जाळतंय. हँडलवरच्या दिव्याच्या बटणाला अंगठा लागला तर चटका बसला. तिने अंगठा तोंडात घातला, आणि त्याच वेळी तिन्ही दिवे एकदम विझले.

असा अंधार तिने आयुष्यात पाहिला नव्हता. काळासुद्धा नव्हता तो, नुसता ओला आणि राखाडी. गाडी थांबवून ती उभी राहिली. कुठं कडा आहे आणि कुठं दरी, काही समजेना. डाव्या बाजूला पाणी ठिबकत होतं. पाणी ठिबकतंय म्हणजे तिकडे कडा आहे, दरी दुसऱ्या बाजूला, असा तिने हिशेब केला. मग इंजिन बंद करून, डावा खांदा कड्याला घासत, भरलेली गाडी हाताने धरून ती उतरू लागली. गाडी पुढे ओढायची आणि ती मागे. खालून एक ट्रक चढत असल्याचा आवाज आला. तिने गाडी कड्याला टेकवली, कॅनचं झाकण काढलं आणि कॅनवर दणादण वाजवायला सुरुवात केली. वाजवत राहिली, ओरडत राहिली. ट्रक अगदी जवळ येऊन थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय आहे? वरात आहे का?"

ती रडायच्या बेतात होती, पण हे ऐकून तिला हसू फुटलं.

खाली पोचली तेव्हा टँकर निघून गेला होता. रस्त्यावर चाकांच्या ओल्या खुणा तेवढ्या उरल्या होत्या.

सगळं दूध घरी परत आलं. सासूबाईंनी घरातली झाडून सगळी भांडी काढली, पाण्याची घागरसुद्धा. दूध तापवलं, विरजण लावलं, शेजारीपाजारी वाटलं. दोन दिवस सगळी आळी दही खात होती. पण वस्तीतल्या लोकांना दही खाऊन काय करायचं होतं? तिथले एक म्हातारे होते, सगळे त्यांना खोकलेबाबा म्हणायचे, कारण बोलण्याआधी दोनदा आणि बोलून झाल्यावर एकदा ते खोकायचेच. वस्तीत त्यांचा शब्द चालायचा. ते म्हणाले, "पोरी, तू धाडसाची आहेस. पण दूध धाडसावर टिकत नाही. पुन्हा असं झालं तर आम्हांला दुसरा माणूस बघावा लागेल."

"पुन्हा होणार नाही, बाबा," ती म्हणाली. म्हणाली खरी, पण कसं होणार नाही ते तिला ठाऊक नव्हतं.

घरी वेल्डर येऊन बटण उघडून बसला होता. आतलं प्लास्टिक वितळून लोण्यासारखं झालं होतं. तो डोकं खाजवत म्हणाला, "बटण कमजोर निघालं. नवीन टाकतो."

"नवीनही वितळेल," ती म्हणाली.

"का?"

"ते मला माहीत नाही. पण वितळेल."

दुसऱ्या दिवशी ती उसना घेतलेला हातातला कंदील हँडलला बांधून गेली. फार हळू गेली, पण वेळेआधी निघाल्यामुळे टँकर सापडला. टँकर चालवणारे गृहस्थ पिकल्या मिशांचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते स्वतःच तिच्याजवळ आले.

"काल थांबलो नाही म्हणून राग आला असेल."

"राग नाही, मामा. रडू आलं."

"मी थांबलो असतो तर पुढच्या गावांचं दूध नासलं असतं," ते म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी तिच्या गाडीची जळकी वायर बोटाने वर उचलली. "हे कुणी केलं? दिवे सरळ हेडलाइटच्या बटणावर? रिले नाही टाकला?"

"रिले म्हणजे?"

मामांनी टँकरच्या पुढचं झाकण उघडून आतली काळी डबी दाखवली. काडेपेटीहून लहान, खाली चार पाय. "हे बघ. बटण असतं बोटासाठी. त्याच्या पोटातून एवढ्या दिव्यांची सगळी वीज गेली तर ते जळणारच. म्हणून बटणाने फक्त हिला इशारा द्यायचा. थोडीशी वीज. इशारा मिळाला की ही आत टक करून दार उघडते, आणि दिव्यांची वीज बॅटरीतून जाड वायरीने सरळ दिव्यांकडे. बटणाला पत्ताच नाही."

"पाटाच्या दारासारखं," ती म्हणाली. "एक पोर फळी उचलतं आणि सगळं पाणी शेतात जातं. पाणी काही पोराच्या हातातून जात नाही."

मामा बघतच राहिले. मग त्यांनी मिशांवरून हात फिरवला. "बरोब्बर. आता कुठला पाय कुठं, ते नीट बघून घे. आणि बॅटरीजवळच फ्यूज टाक. काही बिघडलं तर आधी तो जळेल, गाडी नाही जळणार."

चार पायांवर बारीक आकडे कोरलेले होते. तिने ते बोटावर मोजत, ओठांनी पुटपुटत पाठ केले आणि घरापर्यंत पुटपुटतच आली. वाटेत कुणी हाक मारली तरी तिने ओ दिली नाही, आकडे सांडतील म्हणून.

सुट्या भागांच्या दुकानात काउंटरपाशी गर्दी होती. तिच्यानंतर आलेल्या दोघांना सामान देऊन झाल्यावर दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं.

"रिले हवाय. चार पायांचा. फ्यूज, फ्यूजची डबी, एक बटण आणि जाड वायर," ती म्हणाली.

"मेकॅनिकने चिठ्ठी दिलीय का?"

"नाही."

"मग मेकॅनिकलाच पाठवा, ताई. चुकीचं नेलंत तर परत घेत नाही आम्ही."

मागचे लोक ऐकत होते. तिचे कान तापले. "मेकॅनिक मीच आहे," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिलाच नवल वाटलं. दुकानदाराने सामान काढलं, पण वायर आणली ती दोऱ्यासारखी. तिने ती चिमटीत धरली. "ही इशाऱ्याला चालेल. दिव्यांना जाड द्या." दुकानदार थांबला, हसला, आणि आत जाऊन दुसरी गुंडाळी घेऊन आला. "घ्या, मेकॅनिकबाई." या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

काम दुपारी उन्हात, अंगणात सुरू झालं. नवऱ्याने सतरंजी अंथरली, डाव्या हाताने. गाडीची सीट काढली, बाजूचं झाकण काढलं. पाने, पक्कड, सुरी, चिकटपट्टी सगळं ओळीने मांडलं. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला यातलं एकही हातात धरून काही करता येणार नाही.

"तू पकड, मी सांगतो," तो म्हणाला.

"तुम्हांला माहीत आहे कुठला पाय कुठं ते?"

"नाही."

"मग मी सांगते आणि मीच करते. तुम्ही पाने द्या."

त्याने एक पाना उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. सासूबाई डाळ निवडत ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना लेकाचा चेहरा दिसला. "दे रे पाने," त्या म्हणाल्या. "डॉक्टरलासुद्धा पाने द्यायला कुणीतरी लागतं."

"डॉक्टरला पाने लागत नाहीत, आई."

"तुझ्या हाताला कसं बसवलं ते मी पाहिलंय. लागतात."

त्यावर तिघेही हसले आणि काम चालू झालं. तिने वायरीचं टोक सुरीने सोललं. पहिल्यांदा आतल्या तारांसकट कापलं गेलं. दुसऱ्यांदा रबर तेवढं निघालं आणि तांब्याचा झुबका चमकला. तिने तो पिळला आणि तोंड वाकडं केलं. पीळ सैल होता. नवऱ्याने डाव्या हाताची बोटं पुढे केली. "तू तिकडून धर, मी इकडून पिळतो." तिचा एक हात आणि त्याचा एक हात, असा पीळ बसला. मग दोघांनी एकेक टोक असंच केलं. मध्येच त्याच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतोय.

"जाड वायर बॅटरीतून फ्यूजमध्ये, फ्यूजमधून रिलेच्या या पायात," ती मोठ्याने सांगत होती. "समोरच्या पायातून दिव्यांकडे. हा बारीक पाय बटणाकडे. आणि हा शेवटचा गाडीच्या लोखंडाला."

"बटणाला वीज कुठून द्यायची?"

"बॅटरीतूनच."

"नको," तो म्हणाला. "किल्लीच्या पुढून घेऊ या. किल्ली काढली की बटण मेलं पाहिजे. नाहीतर गोठ्यात गाडी लावशील, दिवे चालू राहतील, आणि सकाळी बॅटरी झोपलेली."

ती हात थांबवून त्याच्याकडे बघत राहिली. "हे मामांनीही सांगितलं नव्हतं."

"मामांच्या टँकरला मोठी बॅटरी असते," तो म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले, आणि त्यानंतर तो सतरंजीवर अधिक पुढे सरकून बसला.

"मला सांगा तरी ती डबी करते काय?" सासूबाईंनी विचारलं.

सुनेने सांगितलं. बटण फक्त इशारा देतं, ओझं दुसरीकडून जातं.

सासूबाईंनी डाळीतला खडा टिपून फेकला. "म्हणजे बटण म्हणजे मी. मी इकडे बसून नुसतं खाकरायचं आणि तिकडे तू पाणी तापवायला उठायचं."

"तसंच अगदी," सून म्हणाली. "आणि मी म्हणजे ती डबी."

"मग हा कोण?"

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. "फ्यूज," सून म्हणाली. "सगळ्यांत आधी तापतो."

उन्हं कलली तेव्हा जोडणी झाली. तिने किल्ली फिरवली, बटण दाबलं. सीटच्या खालून स्पष्ट आवाज आला, टक. दिवे मात्र पेटले नाहीत. पुन्हा दाबलं. टक. दिवे ढिम्म. पुन्हा, पुन्हा.

"खाकरल्याचं ऐकू आलं," सासूबाई म्हणाल्या, "पण उठलं कुणी नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. नवऱ्याने फ्यूज काढून उन्हाकडे धरून पाहिला. धड होता. तिने पाय पुन्हा मोजले, ओठ हलवत. बरोबर होते. वेल्डर कुंपणापलीकडून बघत होता, तो म्हणाला, "मी म्हटलं होतं, सरळ जोडलेलंच बरं." तिला खोकलेबाबांचा चेहरा दिसत होता. ती गाडीपुढे मांडी घालून बसली आणि डोळ्यांनीच वायरीच्या मागोमाग चालत गेली. बॅटरी, फ्यूज, डबी, दिवा. दिव्यापर्यंत वीज आली. पण पाणी शेतात शिरलं तरी खालून वाट नसेल तर वाहील कसं? दिव्यातून वीज बाहेर कुठून जाते? दिव्याच्या अंगातून, पट्टीतून, गाडीच्या लोखंडात. आणि पट्टी?

"भाऊजी," तिने वेल्डरला विचारलं, "पट्टीला रंग कधी दिला होता?"

"बसवायच्या आधी. दोन हात. गंजू नये म्हणून."

तिने वायरीचा तुकडा घेतला. एक टोक नवऱ्याने बॅटरीच्या काळ्या खुंटीला धरलं, दुसरं तिने दिव्याच्या उघड्या स्क्रूला लावलं. दिवा भक्कन पेटला. ती एवढी दचकली की मागे हातांवर पडली, आणि पडल्यापडल्या ओरडली, "रंग! रंग आडवा आलाय!"

"पण सरळ जोडले होते तेव्हा पेटत होते की!" वेल्डर म्हणाला.

"तेव्हा बोल्ट नवा होता, घासून बसला होता. मागाहून गाडी धुताना तूच सगळं सोडवून पुन्हा रंगवलंस ना?" नवरा म्हणाला.

वेल्डर आठवू लागला. आठवलं, तसा तो कुंपणावरून उडी मारून आत आला, खिशातून पॉलिशपेपर काढला आणि स्वतःच पट्टीखालचा रंग खरवडायला बसला. खरवडताना पुटपुटत होता, "दोन हात दिले, दोन हात! एवढा चांगला रंग कुणाला देत नाही मी."

किल्ली. बटण. टक. आणि दोन्ही दिवे पेटले, पहिल्यापेक्षा कितीतरी उजळ. समोरच्या भिंतीवर गाईची भली मोठी सावली पडली आणि गाय स्वतःच्या सावलीकडे बघून हंबरली. तिने बटणावर अंगठा ठेवला. गार होतं. नवऱ्याने ठेवला. वेल्डरने ठेवला. मग सासूबाई डाळीचं ताट बाजूला ठेवून उठल्या. त्यांनीही ठेवला, आणि मग नातवंडाच्या गालावर ठेवावा तसा जरा जास्त वेळच ठेवला.

पुढच्या पहाटे धुकं एवढं होतं की वस्तीवरच्या बायका कॅन भरताना एकमेकींना हाका मारून जागा सांगत होत्या. उताराच्या तोंडाशी काही जण थांबलेले होते. पलीकडच्या वाडीचे दोघे दूधवाले, भाजीची टोपली बांधलेला एक सायकलवाला, शाळेकडे निघालेले मास्तर. पुढे जायची कुणाची छाती होईना. "दादा कुठंयत" म्हणणारा तोही त्यांच्यात होता.

तिने बटण दाबलं. इंजिनच्या आवाजात टक ऐकू आली नाही, पण तिला ती जाणवली. रस्ता पिवळा होऊन समोर आला, कडेच्या दगडांसकट.

"वहिनी, हळू घ्या," मागून आवाज आला. "आम्ही तुमच्या मागोमाग येतो."

"या. पण हॉर्न वाजवू नका, मला वळणावरून येणारी गाडी ऐकू येत नाही," ती म्हणाली, आणि निघाली.

अख्ख्या उतारावर तिने मागे वळून पाहिलं नाही. पण शेवटच्या वळणावर रस्ता उलटा फिरतो, तिथून वरचा भाग दिसला. धुक्यात दिव्यांची एक माळ तिच्या मागे उतरत होती. मोटारसायकली, त्यांच्यामागे सायकलीचा बारीक ठिपका, आणि सगळ्यांच्या मागे मास्तरांची विजेरी. खाली पोचल्यावर कॅन उचलायला दोघे जण आपणहून पुढे आले. ती "नको नको" म्हणाली, पण त्यांनी ऐकलं नाही. मामा टँकरवरून ओरडले, "टाकला का रिले?" तिने मान डोलावली. मामांनी उतरून दिवे पाहिले, सीटखाली डोकावून किल्लीवरून घेतलेली वायर बोटाने शोधून काढली. "ही कुणाची अक्कल?"

"घरच्यांची," ती म्हणाली. एवढ्या लोकांत नवऱ्याचं कौतुक करताना तिला नव्या नवरीसारखी लाज वाटली.

दुपारी त्या वाडीचे दूधवाले आपल्या गाड्या घेऊन दारात आले. मग सायकलवाल्याचा भाऊ आला. मग खोकलेबाबांनी नातवाला पाठवलं, ट्रॅक्टर घेऊन. नवरा सतरंजीवर बसून डाव्या हाताने सांगायचा, वेल्डर पट्ट्या जोडायचा. रंग खरवडून. तिला हाताशी यायला सवड मिळाली तर ती यायची. हळूहळू त्याच्या डाव्या हाताला वायर सोलायची कला आली. चहा मात्र पुन्हा त्याने केला नाही, ते सासूबाईंनीच होऊ दिलं नाही.

मग प्लास्टर निघालं. हात बारीक आणि पांढरा पडला होता, पण मूठ वळत होती. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवायला हरकत नाही. त्या संध्याकाळी घरात त्याविषयी कुणी काही बोललं नाही. ती नेहमीसारखी भांडी घासून झोपायला गेली. झोप मात्र लागली नाही. फेरी त्याची होती. ती सांभाळायला घेतली होती, तेवढंच. तिने स्वतःला हेच सांगितलं, आणि कूस बदलली.

पहाटे उठली तर शेजारी अंथरूण रिकामं. अंगणातून इंजिनचा आवाज येत होता. ती दारात आली. धुक्यात तो गाडीपाशी उभा होता. कॅन बांधून झालेले, सीट पुसलेली, पिवळे दिवे लागलेले. उजव्या हाताने तो हळूहळू मूठ पिळत होता, इंजिन जरा चढायचं, जरा उतरायचं. तिला वाटलं, काही बोलू नये. आत जाऊन चहा टाकावा. ती वळलीसुद्धा.

"अगं, कुठं निघालीस?" तो म्हणाला. "स्वेटर घाल. गाडी गरम करून ठेवलीय."

ती उंबऱ्यातच थांबली. "तुम्ही नाही जात?"

"दहानंतर तिघांच्या गाड्या यायच्यात दिव्यांना. त्यांचं कोण करणार?" त्याने हँडल सोडलं आणि बाजूला सरकला. "आणि उताराखाली सगळे तुझी वाट बघत असतील. मी गेलो तर विचारतील, वहिनी कुठंयत, चुलीपाशी का?"

आतून सासूबाई खाकरल्या नाहीत. सरळ मोठ्याने म्हणाल्या, "पेट्रोल वाया जाळू नका रे, निघा एकदाचे!"

तिने स्वेटर डोक्यातून घातला, तो उलटा आला, काढला आणि पुन्हा घातला. हसू आवरत नसल्यामुळे हात बाहीत सापडेना. मग गाडीवर बसून तिने पाय टेकवले, गिअर टाकला, आणि कुंपणाच्या दारातून ती बाहेर पडली. तो दार धरून उभा होता. पिवळा उजेड उताराकडे वळला, झाडांच्या बुंध्यांवरून सरकत गेला. तो दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ त्याला इंजिनचा आवाज ऐकू येत राहिला. वळणावर गिअर बदलला, तो अगदी जिथं बदलायला हवा तिथंच.